ठणका थांबला, पण दाढ वाचली का?

जालन्यातल्या मस्तगड भागातला एखादा दुकानदार घ्या. दाढेच्या ठणक्याने दोन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणून तो दवाखाना गाठतो. रूट कॅनाल होते, ठणका थांबतो. डॉक्टर सांगतात, ‘आता वर कॅप बसवून घ्या.’ पण दुखत तर नाही, तोंडावर दिवाळीचा सीझन आणि कॅपचा खर्च वेगळा. ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणता म्हणता वर्ष जाते. मग एके दिवशी फुटाणे खाताना ‘कट्’ आवाज येतो आणि दाढेचा तुकडा हातात येतो. दुखत मात्र काहीच नाही, कारण आतली नस आधीच काढलेली असते. चीर हिरडीच्या वर थांबली असेल तर दाढ वाचते. मुळात उतरली असेल तर रूट कॅनालवर केलेला खर्च वाया जातो आणि दाढ काढावी लागते.

हे का होते? आधी किडीने आणि नंतर उपचारासाठी कोरल्याने दाढ आतून पोकळ झालेली असते. उरतात त्या पातळ भिंती. भरलेले सिमेंट पोकळी बुजवते, पण भिंती बांधून ठेवत नाही. ते काम कॅपचे. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव जसे आवळून धरते, तशी कॅप दाढेला चहूबाजूंनी धरते. मात्र धरायला हिरडीच्या वर निदान दीड-दोन मिलिमीटर भक्कम दात उरलेला असावा लागतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, रूट कॅनालनंतर कॅप न बसवलेले दात कॅप बसवलेल्या दातांच्या सहापट वेगाने गमावले गेल्याचे दिसले. समोरचा दात फारसा किडलेला नसेल तर नुसत्या भरावावरही भागू शकते. चावण्याचा सगळा भार घेणाऱ्या दाढांना ही सूट नाही.

कॅप बसवायला साधारण दोन-तीन फेऱ्या लागतात. पहिल्या फेरीत एक्स-रे पाहून दात सगळ्या बाजूंनी एक ते दोन मिलिमीटर घासला जातो. नस जिवंत असेल तर आधी भुलीचे इंजेक्शन देतात. नस काढलेल्या दाढेला घासण्याची वेदना होत नाही, तरी हिरडीसाठी कधी कधी इंजेक्शन लागते. मग माप घेतात आणि ते लॅबला जाते. कॅप तयार होईपर्यंतच्या आठवडाभरात तात्पुरती कॅप बसवतात. ती मुद्दाम कच्च्या सिमेंटने चिकटवलेली असते, म्हणून त्या दिवसांत चिक्की आणि च्युइंगमला सुट्टी.

पक्की कॅप बसवताना डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात. तेव्हा ‘उंच लागते आहे’ असे वाटले तर लगेच सांगावे, भीड धरू नये. केसाएवढा उंचवटाही पुढे दाढ दुखवतो. घरी गेल्यावर जाणवले तरी परत जावे; ‘सवय होईल’ म्हणून थांबण्यात अर्थ नाही. जिवंत नसेच्या दाताला थोडे दिवस मोसंबीचा गार रस झोंबेल, ते बहुधा आपोआप कमी होते.

धातूची कॅप स्वस्त आणि मजबूत, पण दिसायला चंदेरी. धातूवर चिनी मातीचा थर असलेली कॅप दातासारखी दिसते, मात्र तो थर टवका उडून निघू शकतो. झिर्कोनियाची सर्वांत महाग. मागच्या दाढेला महागडीच हवी असे मुळीच नाही.

आपल्याकडे खरी आडकाठी सुपारीची. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी आणि खर्रा सुटलेला नाही. त्याने गालाची आतली त्वचा आखडते आणि तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडेनासे होते. मग मागच्या दाढेपर्यंत यंत्र पोहोचतच नाही. तोंड कमी उघडणे हे कॅन्सरपूर्व आजाराचेही लक्षण आहे, त्यामुळे तपासणी आधी त्याची करावी.

मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणून जावे. हिरड्या सुजलेल्या असताना माप नीट येत नाही. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. हृदयाची झडप बदललेली असल्यास ते दंतवैद्यांना पहिल्याच भेटीत सांगावे.

खर्चामुळे अडत असेल तर सुमारे ६० किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. फेऱ्या पडतील, पण वर्षभर थांबण्यापेक्षा त्या परवडतात.

कॅप किडत नाही. तिच्या कडेखालचा दात किडतो. त्यामुळे ब्रश हिरडीच्या रेषेवरून फिरायलाच हवा. नीट राखलेली कॅप दहा-पंधरा वर्षे सहज टिकते. कधी निघालीच तर धुऊन डबीत ठेवावी आणि एक-दोन दिवसांत दवाखान्यात न्यावी. फेविक्विकने घरीच चिकटवण्याचा उद्योग करू नये. गिळली गेली तर ती बहुधा शौचावाटे पडते. पण त्यानंतर खोकला किंवा धाप लागली, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.