दहा रिव्ह्यू, दहा मतं! मग दुकानासाठी कॅमेरा ठरवायचा कसा?

ऑनलाइन विक्री सुरू करणाऱ्यांचा हमखास प्रश्न असतो, "सर, कॅमेरा कोणता घेऊ?" तोपर्यंत त्यांनी पाच-सहा व्हिडिओ बघितलेले असतात. एक म्हणतो सोनी झेडव्ही-ई१० घ्या, दुसरा म्हणतो कॅनन आर५०च घ्या, तिसरा म्हणतो मोबाईल पुरे. डोकं पार गरगरतं. गंमत म्हणजे तिघंही बरोबर असू शकतात.

मतं जुळत का नाहीत?

कारण प्रत्येक जण आपापल्या कामाबद्दल बोलतो. झेडव्ही-ई१० ला डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर नाही. व्हिडिओ बनवणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. उन्हात लग्नाचे फोटो काढणारा मात्र त्याच कारणासाठी नाक मुरडणार. आर५० ला व्ह्यूफाइंडर आहे, म्हणून तो त्याला आवडणार. तुम्हाला टेबलावरच्या वस्तूचा फोटो काढायचाय. तुमच्यासाठी हा वादच दुय्यम आहे.

दुसरं कारण पैसा. काही रिव्ह्यू पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेले असतात. ते स्पष्ट सांगायला हवं, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये काढली आहेत. व्हिडिओखालचं वर्णन वाचायची सवय लावा.

आपल्या शहराचं उदाहरण घेऊ

समजा, तुम्ही हिमरू शाली किंवा पैठणी विकता. तुमचं खरं दुखणं कोणतं? रंग! फोटोत मोरपिशी दिसली आणि घरी निळी पोहोचली, की साडी परत येते. जाण्या-येण्याचा खर्च तुमचा आणि गिऱ्हाईक कायमचं जातं. जरीवर उजेड पडला की काठ पांढरा फटक दिसतो. बारीक विणीवर कधी कधी नसलेल्या लाटा उमटतात, त्याला मॉयरे म्हणतात. सगळ्यांसाठी केलेल्या रिव्ह्यूत तुमची जर कोण तपासणार?

आणि मेगापिक्सेलच्या मागे धावू नका. वरचे दोन्ही कॅमेरे साधारण २४ मेगापिक्सेलचे आहेत. ए-४ आकाराची उत्तम छपाई ९ मेगापिक्सेलमध्ये होते.

मग करायचं काय?

१. कागदावर एकच वाक्य लिहा: "मला रोज एवढे फोटो, या वस्तूचे, या ठिकाणी काढायचेत." त्या कामाशी संबंध नसलेला मुद्दा रिव्ह्यूत आला तर सोडून द्या.

२. एक आणि पाच स्टारचे रिव्ह्यू बाजूला ठेवा. तीन-चार स्टारवाले वाचा. "चांगला आहे, पण..." यातल्या 'पण'नंतरचं आपल्या कामाचं असतं.

३. दोन मॉडेल निवडा आणि दुकानात जाताना आपलीच साडी आणि मेमरी कार्ड न्या. दुकानदाराला विचारून दोन्हींनी फोटो काढा. तिथेच तुमच्या मोबाईलनेही काढा. घरी येऊन फोटो आणि साडी शेजारी ठेवा. जमलं तर एक दिवस कॅमेरा भाड्याने घ्या.

४. आधी उजेड सुधारा. ट्यूबलाइट आणि खिडकीचा उजेड एकत्र आला की महागड्या कॅमेऱ्याचाही रंग चुकतो. ९५ किंवा त्याहून जास्त सीआरआयचा एकाच प्रकारचा लाइट वापरा आणि व्हाइट बॅलन्स हाताने सेट करा.

एवढं करून मोबाईलचा फोटो पास झाला, तर कॅमेरा घेऊच नका. ते भांडवल मालात घाला. माल फिरला की पैसा परत येतो. कपाटातला कॅमेरा फक्त जुना होतो.

घ्यायचाच ठरला तर

भारतातली वॉरंटी आहे ना, ते बघा. बिल फर्मच्या नावाने, जीएसटी नंबर टाकून घ्या. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे ५०,००० रुपयांच्या मूळ किमतीवर ९,००० रुपये टॅक्स. नियमित नोंदणी असेल आणि कॅमेरा धंद्यासाठीच असेल, तर त्याचं क्रेडिट मिळू शकतं. कंपोझिशनमध्ये असाल तर नाही. आपल्या सीएला आधी विचारा.

आजचा होमवर्क: ते एक वाक्य आजच लिहा. ते लिहून झालं की दहातले सात रिव्ह्यू आपोआप गळून पडतील. उरलेल्या तिघांचा निकाल तुमची वस्तूच लावेल.