गटनेता कोण ठरवतो?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मंडळी, आमच्या दिवा जंक्शनवर उभे राहिले की रुळांना फुटलेल्या वाटा दिसतात. एक वसईकडे जाते, एक पनवेलकडे वळते आणि पुढे कोकण गाठते, मधून ठाणे-कल्याणचे सरळ रूळ. आपली गाडी कोणत्या रुळावर जायची, हे डब्यातला प्रवासी ठरवत नाही. मोटरमनही ठरवत नाही. कुठेतरी सांधा बदलतो आणि अख्खी गाडी मुकाट्याने त्या रुळावर जाते.

हे आठवायला एक निमित्त झाले. २०२४ सालच्या विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबरला लागला. आठवडा उलटून गेला तरी सर्वांत जास्त आमदार असलेल्या भारतीय जनता पक्षाने आपला विधिमंडळ नेता निवडला नव्हता. सकाळच्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते, पण राजकारणाला असते. त्या गर्दीत एका तरुणाने मला विचारले, "काका, आपण मत दिलं, आमदार निवडून आला. मग आता ही दुसरी निवडणूक कसली? आणि यात आपलं मत कुठंय?" मी बोलायला लागलो, तोवर ठाणे आले आणि तो उतरून गेला. त्याला द्यायचे राहिलेले उत्तर आज तुम्हाला सांगतो.

आधी शब्द नीट समजून घेऊ. पक्षाचा प्रमुख वेगळा आणि विधिमंडळातला नेता वेगळा. पक्ष म्हणजे गावोगावच्या शाखा, सभासद, पदाधिकारी, सगळा पसारा. विधिमंडळ पक्ष म्हणजे त्या पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेल्या आमदारांचा गट, एवढेच. या गटाचा म्होरक्या तो विधिमंडळ पक्षनेता. रोजच्या बोलण्यात गटनेता. त्याच्या जोडीला असतो प्रतोद. अमुक ठरावावर अमुक बाजूने मत द्या, असा जो आदेश निघतो, ज्याला आपण व्हिप म्हणतो, तो प्रतोद बजावतो.

आता या गटनेत्याला एवढे महत्त्व का? राज्यघटनेच्या १६४व्या कलमात, मुख्यमंत्र्यांची नेमणूक राज्यपाल करतील, एवढेच म्हटले आहे. कोणाची करतील, ते लिहिलेले नाही. संकेत असा की ज्याच्यामागे विधानसभेतले बहुमत, त्याला बोलवायचे. आपल्याकडे २८८ आमदार, म्हणजे बहुमताला १४५ हवेत. राज्यपाल २८८ जणांना एकेक करून विचारत नाहीत. ते गटनेत्यांची पत्रे पाहतात. म्हणजे गटनेत्याची एक सही पन्नास-शंभर आमदारांच्या वतीने बोलते. विरोधी बाकांवरही तेच. १९७८च्या कायद्यानुसार विरोधकांतल्या सर्वांत मोठ्या पक्षाच्या नेत्याला अध्यक्षांनी मान्यता दिली, तर तो विरोधी पक्षनेता होतो.

तिसरी गोष्ट पक्षांतराची. १९८५ साली ५२वी घटनादुरुस्ती होऊन राज्यघटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले. पक्षाचा आदेश मोडून मत दिले आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केले नाही, तर आमदारकी जाऊ शकते. त्यासाठी विधानसभेचे नियम १९८६ साली झाले. गटनेत्याने आपल्या आमदारांची यादी तीस दिवसांत अध्यक्षांना द्यावी, असे त्यात आहे. म्हणजे कोण कोणत्या गटात, याचा पहिला कागदही गटनेत्याच्याच हातचा.

मग हा गटनेता निवडतात कसा? दिसायला फार साधे असते. नवे आमदार एकत्र बसतात. राष्ट्रीय पक्ष असेल तर दिल्लीहून निरीक्षक येतात. एक आमदार नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, टाळ्या वाजतात, ठराव एकमताने मंजूर होतो. २०२४ साली भाजपची बैठक ४ डिसेंबरला झाली. निर्मला सीतारामन आणि विजय रूपाणी निरीक्षक होते. देवेंद्र फडणवीसांची निवड झाली आणि दुसऱ्या दिवशी शपथविधी. बैठक थोड्या वेळाची. त्याआधीचे अकरा दिवस मात्र बैठकीच्या बाहेरचे. खरा सांधा तिथे बदलत असतो.

नेहमीच असे होते असे नाही. १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्याचा नेता निवडताना मोरारजी देसाई म्हणाले की एकमत असेल तरच मी उभा राहीन. भाऊसाहेब हिरे त्यांच्याविरुद्ध उभे राहायला तयार झाले, तेव्हा मोरारजी बाजूला झाले. मग यशवंतराव चव्हाण आणि हिरे यांच्यात सरळ लढत झाली, काँग्रेसच्या आमदारांनी मते दिली, ती मोजली गेली आणि यशवंतराव मोठ्या फरकाने निवडून आले. १ नोव्हेंबर १९५६ला ते मुख्यमंत्री झाले. त्याच मोरारजींना १९५२ साली विधानसभेच्या निवडणुकीत थोडक्या मतांनी हार पत्करावी लागली होती, तरी आमदारांनी त्यांनाच नेता केले होते.

आणि याच्या अगदी उलट १९८२चा जानेवारी. अंतुल्यांनी राजीनामा दिला आणि बाबासाहेब भोसले यांचे नाव दिल्लीत इंदिरा गांधींनी ठरवले. मुंबईच्या आमदारांनी मान डोलावली. पण वरून आलेल्या नेत्याला खालून आधार लागतो. आमदारांची कुरकुर थांबली नाही आणि वर्षभरात वसंतदादा पाटील पुन्हा मुख्यमंत्री झाले.

म्हणजे दोन वाटा झाल्या. आमदारांनी नेता निवडायचा, की पक्षाने आमदारांना नेता द्यायचा? हा प्रश्न आपलाच आहे असे नाही. ब्रिटनमध्ये २०२२ साली हुजूर पक्षाच्या खासदारांच्या फेऱ्यांमध्ये ऋषी सुनक पुढे होते. अंतिम मत मात्र पक्षाच्या सभासदांचे होते आणि त्यांनी लिझ ट्रस यांना निवडले. खासदारांचा पाठिंबा ढासळला आणि ते सरकार दोन महिनेही टिकले नाही.

या प्रश्नाची महाराष्ट्रातली तीन उत्तरे पाहायला मला दिव्याहून फार लांब जावे लागत नाही. ती आमच्याच रेल्वेमार्गावर आहेत.

पहिले उत्तर दिव्यातच. दिवा आहे ठाणे महापालिकेत, पण विधानसभेसाठी आम्ही कल्याण ग्रामीणचे मतदार. २०१९ साली इथून महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे राजू पाटील निवडून आले. राज्यभरात त्या पक्षाचे ते एकटेच आमदार. एकट्याचा विधिमंडळ पक्ष! नेता तेच, अनुयायी तेच. १९८६च्या नियमांत अशा एकट्या सदस्याची वेगळी तरतूद आहे. त्याने स्वतःच पक्षाची घटना अध्यक्षांना द्यायची. ३० नोव्हेंबर २०१९ला उद्धव ठाकरे सरकारच्या विश्वासदर्शक ठरावावर ते तटस्थ राहिले, आणि ४ जुलै २०२२ला एकनाथ शिंदे सरकारच्या बाजूने त्यांनी मत दिले. इथे गटनेत्याची निवडणूक नाही, म्हणून भांडणही नाही. पक्षप्रमुख आणि एक आमदार, मधे कोणी नाही.

दुसरे उत्तर पुढच्याच स्थानकावर, मुंब्र्याला. २ जुलै २०२३ला तेव्हाचे विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. त्याच दिवशी शरद पवारांच्या बाजूने मुंब्रा-कळव्याचे आमदार जितेंद्र आव्हाड यांना प्रतोद आणि विरोधी पक्षनेता म्हणून पुढे केले गेले. समोरच्या बाजूचा प्रतोद होता अनिल पाटील. एका पक्षाचे दोन प्रतोद, दोन आदेश. आणि गंमत पाहा, या दोघांच्या ओढाताणीत विरोधी पक्षनेतेपद दोघांकडेही राहिले नाही. विरोधकांत सर्वांत मोठा पक्ष आता काँग्रेस ठरला आणि ऑगस्ट २०२३मध्ये ते पद विजय वडेट्टीवार यांच्याकडे गेले.

तिसरे उत्तर ठाण्याचे, आणि ते देशभर गाजले. ३१ ऑक्टोबर २०१९ला शिवसेनेच्या आमदारांनी कोपरी-पाचपाखाडीचे आमदार एकनाथ शिंदे यांना गटनेता निवडले. नाव सुचवले होते आदित्य ठाकरे यांनी. पुढे २१ जून २०२२ला शिंदे आमदारांसह सुरतेत असताना मुंबईत पक्षाने त्यांना पदावरून दूर केले आणि शिवडीचे अजय चौधरी यांना नेमले. विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी ते मान्य केले. त्याच तारखेचा दुसरा ठराव ३४ आमदारांच्या सह्यांचा: नेते शिंदेच, आणि सुनील प्रभू यांच्याऐवजी प्रतोद भरत गोगावले. ३ जुलैला राहुल नार्वेकर अध्यक्ष झाले आणि त्यांनी शिंदे-गोगावले यांना मान्यता दिली.

यावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ११ मे २०२३ला निकाल दिला. त्यातले एक वाक्य आपल्या कामाचे. प्रतोद आणि सभागृहातला नेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, नुसत्या विधिमंडळ पक्षाचा नाही. का? कारण आमदार निवडून येतो तो पक्षाच्या नावावर, चिन्हावर आणि जाहीरनाम्यावर. निवडून आल्यावर त्याने पक्षाशी असलेली नाळच तोडली, तर मतदाराने दिलेल्या मताचा अर्थ काय उरला? गोगावले यांची प्रतोद म्हणून दिलेली मान्यता न्यायालयाने बेकायदा ठरवली, आणि अध्यक्षांनी पक्षाची घटना तपासून पक्षाने नेमलेला नेता व प्रतोद कोण ते ठरवावे, असे सांगितले.

मग प्रश्न आला, पक्ष कोणाचा? १० जानेवारी २०२४ला अध्यक्षांनी निकाल दिला की शिंदे गटच खरी शिवसेना, म्हणून शिंदे आणि गोगावले यांच्या नेमणुका वैध. त्यात कळीचा मुद्दा ठरला पक्षाच्या घटनेचा. २०१८ची दुरुस्ती निवडणूक आयोगाच्या दप्तरी नाही, म्हणून १९९९ची घटना धरली गेली. ठाकरे गटाने या निर्णयाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. कोणाचे बरोबर, हा आजचा विषय नाही. माझा मुद्दा एवढाच की राज्याचे सरकार कोणाचे, यासारखा प्रश्न शेवटी येऊन अडला तो दप्तरातल्या एका कागदावर, जो एरवी कोणी उघडूनही पाहत नाही.

आता माझे मत सांगतो. नेता नेमण्याचा अधिकार पक्षाचा, हे न्यायालयाचे म्हणणे मला पटते. पण पक्ष म्हणजे एक माणूस किंवा एक घर, असा त्याचा अर्थ झाला तर आमदार नुसता हात वर करणारा होतो. आणि पक्ष म्हणजे त्या दिवशी ज्याच्याकडे जास्त आमदार तो, असा अर्थ झाला तर मतदाराचे मत निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून बाजारात येते. दोन्हींच्या मधली वाट पक्षाच्या घटनेतच सापडेल. नेता कोण निवडणार, कोण काढणार, बैठक कोण बोलावणार, किती दिवसांची सूचना, मतदान उघड की गुप्त, हे सगळे आधी लिहिलेले, ठरल्या वेळी होणाऱ्या संघटनात्मक निवडणुकांनी जिवंत ठेवलेले आणि आयोगाकडे दाखल केलेले हवे. आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीची निवड पोटनियमांप्रमाणे होते. राज्याच्या नेत्याची निवडही तशीच व्हायला काय हरकत आहे?

तर त्या तरुणाला माझे उत्तर असे. बाळा, आमदारांच्या बैठकीत तुझे मत नसते. पण बैठकीत बसणारा माणूस तू पाठवलेला असतो. दिव्यात पाणी कधी येणार, पूल कधी होणार, हे उमेदवाराला आपण विचारतो, आणि विचारलेच पाहिजे. त्याच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचार. तुमच्या पक्षात नेता कोण निवडतो? आणि पक्षात दोन तट पडले, तर तुम्ही कोणत्या कागदाला धरून चालाल? उत्तर मिळेलच असे नाही. पण त्याचे टाळाटाळ करणेही पुष्कळ सांगून जाते.

गाडी आपल्याला हवी त्या रुळावर जावी असे वाटत असेल, तर सांधा कुठे बदलतो हे प्रवाशाला ठाऊक हवे.