काहून बाप्पा, असं काहून?

अकोल्याचं ऊन जास्त का अमरावतीचं? हा वाद एप्रिलात सुरू होतो, मिरगाच्या पहिल्या सरीला मिटतो आणि पुढच्या एप्रिलात जिथं सोडला तिथूनच पुन्हा उचलला जातो. अमरावतीकर म्हणतो, "तुमच्या इथी नुसतं उकडते, ऊन तं आमचं हाय." अकोलेकर वाद घालत नाही. मोबाईल काढतो आणि पारा नाकासमोर धरतो. आकड्यांत बहुतेक वेळा अकोलाच जिंकतं. 2024 च्या मे अखेरीस तर तिथं उन्हापायी कलम 144 लागलं होतं. दंगल नाही, मोर्चा नाही. कोचिंग क्लासच्या वेळा बदला, कामगारांना पाणी द्या, पंखे लावा, यासाठी हे कलम. सूर्यावरच गुन्हा दाखल करायचं तेवढं बाकी राहिलं.

पण काहून? समुद्र दूर, शहर पूर्णेच्या खोलगट खोऱ्यात, भोवती उघडी काळी रानं. शिवाय 24-25 मेच्या आसपास भरदुपारी सूर्य नेमका या दोन्ही शहरांच्या डोक्यावर येतो. नवतपा लागतो तोही त्याच सुमारास. आजी नवतप्यात घराबाहेर पडू देत नसे ती पंचांग पाहून. खगोलवाले सूर्य डोक्यावर येतो त्या दिवसाला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. स्टीलचा उभा पेला अंगणात पालथा घालून ठेवा. सव्वाबाराच्या आसपास त्याची सावली त्याच्या खालीच गडप होते. जुलैत 19-20 तारखेला हाच खेळ पुन्हा होतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं, कोण पाहतं! मेमधला पेला मात्र नंतर उघड्या हातानं उचलायला जाऊ नका.

सूर्याचा विषय निघालाच आहे तर चंद्राचाही घरोघरचा सवाल घ्या. संकष्टीला चंद्र कॅलेंडरच्या आधीच कसा उगवतो? कारण भिंतीवरच्या कॅलेंडरात ठळक छापलेली वेळ बहुधा मुंबईची असते. अमरावती मुंबईच्या जवळपास पाच अंश पूर्वेला आहे आणि एका अंशाला चार मिनिटं या हिशेबानं सूर्य काय, चंद्र काय, इथं वीसेक मिनिटं आधी हजर. अकोल्याला अमरावतीपेक्षा तीन मिनिटं उशीर. उपाशीपोटी वीस मिनिटं ही काही थोडीथोडकी नाहीत. मुंबईच्या वेळेवर मोदक अडवून धरणारी घरं मी पाहिली आहेत, गच्चीवर चंद्र हातभर वर आलेला असताना.

"पंच्याहत्तर किलोमीटर रस्ता चार दिवसात झाला म्हणते, खरं हाय का बे?" खरं आहे. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा सलग टाकला गेला आणि गिनीज बुकात गेला. आधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा होता, 25 किलोमीटरच्या घरातला. ही बातमी टपरीवर सांगितली की पुढचा सवाल ठरलेला: "मंग आमच्या गल्लीतला काहून नाही होत?" त्याचं उत्तर गिनीजकडेही नाही.

रस्त्यावरून गाडी रुळावर येतेच. अमरावती एवढं विभागाचं ठिकाण, मग मुंबई-नागपूरची गाडी पकडायला बडनेऱ्याला काहून जा लागते? मुंबईहून निघालेली लाइन 1867 साली नागपूरला पोचली ती अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत. अमरावती बाजूलाच राहिली. मग 1871 च्या सुमाराला बडनेऱ्याहून एक छोटा फाटा काढला. तोही माणसांच्या कळवळ्यानं नव्हे, कापसाच्या गाठींसाठी. अमेरिकेत 1861 ते 65 यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि विलायतेतल्या गिरण्यांना वऱ्हाड आठवलं. खामगावचाही फाटा तसलाच, 1870 चा. उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. त्यामुळे अमरावतीच्या जुन्या स्टेशनात रूळ येतात आणि संपतात. पुढं नरखेडची लाइन झाली, तिला वेगळं 'नवी अमरावती' स्टेशन दिलं, आणि नातेवाइकाला कोणत्या स्टेशनावर घ्यायला जायचं हा घरगुती घोळ तेव्हापासून सुरू झाला.

शकुंतलेचं मात्र कौतुक निराळं. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही अडीच फुटी रुळांची गाडी किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीच्या कंपनीनं काढली. स्वातंत्र्यानंतर देशभरची रेल्वे सरकारी झाली, ही लाइन तेवढी कंपनीच्या नावावर राहून गेली. गाडी चालवायची रेल्वेनं, मोबदला कंपनीला. मँचेस्टरमध्ये 1921 साली घडवलेलं इंजिन 1994 पर्यंत तिला ओढत होतं. चालत्या गाडीतून उतरून, शेतातला हरभरा उपटून पुन्हा चढल्याचा किस्सा त्या लाइनवरच्या प्रत्येक गावात कोणाच्या तरी मामाच्या नावावर आहे. मामा बदलतो, हरभरा तोच. आता गाडी बंद आहे, मामे चालू आहेत.

आता माझा सगळ्यात लाडका सवाल, जो फारसा कोणी विचारत नाही. अमरावतीत तोंड धुतलेलं पाणी जातं कुठं? शहर पिते अप्पर वर्धा धरणाचं पाणी. वर्धा नदीला मोकळं सोडलं तर ती वैनगंगेला भेटते, प्राणहिता होते, गोदावरीत शिरते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. पण शहराचा उतार पेढीकडे. बेसिनमधून गेलेलं पाणी नाल्यानं पेढीत, पेढीतून पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि सुरतेजवळ थेट अरबी समुद्रात. पूर्वेच्या समुद्राकडे निघालेलं पाणी अमरावतीकर चूळ भरून पश्चिमेला पाठवतो. दोन समुद्रांच्या मधली पाणलोटाची रेघ याच जिल्ह्यातून जाते आणि आपण ती एसटीत झोपेत ओलांडतो.

त्याच पूर्णेच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा आहे: अमरावती, अकोला, बुलडाण्यातली शेकडो गावं. पाहुणा विचारतो, नदी बाजूला, विहीर दारात, पाणी डोळ्यांना दिसते, मग डोक्यावर हंडे काहून? एक घोट घेतला की समजते. नदीनं युगानुयुगं आणून टाकलेल्या गाळाचा इथं जाडच्या जाड थर आहे. त्यात क्षार मुरलेले, निचरा जवळपास नाही, पाऊसही बेताचा, त्यामुळे मीठ वाहून जायला वाटच मिळत नाही. हे पाणी पिकाला दिलं तर जमीन आणखी कडक होऊन बसते. म्हणून इथला शेतकरी पावसाळ्याची ओल जमिनीत कोंडून ठेवतो आणि तिच्याच भरवशावर रब्बीचा हरभरा काढतो. चहा करायचा तर गोडं पाणी वेगळं भरलेलं असते. अकोल्याकडे '84 खेडी योजना' म्हटलं की नळाला पाणी कधी येईल ही चर्चा सुरू होते, ती जेवणापर्यंत पुरते.

याच जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, हात कोपरापर्यंत जाईल एवढ्या. काळ्या मातीतला चिकण भाग पाणी प्यायला की फुगतो, वाळला की आक्रसतो. वावराच्या भेगांत वरची भुसभुशीत माती पडत राहते आणि पावसात भेग मिटते तेव्हा खालची माती वर ढकलली जाते. म्हणजे शेत स्वतःलाच पालथं घालून घेतं, बैल न जुंपता. हीच माती घराच्या पायाखाली असली की कौतुक संपते. भिंतीला तिरपी चीर पडते आणि मालक गवंड्याच्या नावानं बोटं मोडतो.

वऱ्हाड निजामाचं का इंग्रजांचं? दोघांचं. 1853 च्या तहात निजामानं फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं. 1902 साली कर्झननं ते वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानं घेतलं. मालक हैदराबादला, भाडेकरू गादीवर, असा नव्वदी ओलांडलेला संसार. 1936 मध्ये निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. आणि त्याची बायको, म्हणजे आपली वऱ्हाडची युवराज्ञी, कोण? दुर्रुशेहवार, तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची मुलगी. लग्न लागलं फ्रान्समधल्या नीस शहरात, 1931 साली. या पाहुणीच्या पानात कोणी कधी रोडगे आणि वांग्याची भाजी वाढली असेल का, असं मला उगाचच वाटत राहतं.

सोयरिकींत मात्र वऱ्हाडानं कधी हात आखडला नाही. श्रीकृष्णाची रुक्मिणी, नळाची दमयंती, अगस्तींची लोपामुद्रा, अजाची इंदुमती, चौघी विदर्भाच्या. रुक्मिणीचं माहेर म्हणून वर्धेकाठचं कौंडण्यपूर दाखवतात, तर तिला पळवलं ते अंबादेवीच्या देवळातून असं अमरावती छातीवर हात ठेवून सांगते. देवालाही सासरवाडी म्हणून हाच मुलूख बरा वाटला, याहून मोठं प्रशस्तिपत्र काय पाहिजे?

संत्रं वरूड-मोर्शीचं आणि नाव नागपूरचं, हा इथला जुना सल. माल नागपूरच्या मार्केटमध्ये गेला, तिथून देशभर गेला, नाव तिथलं चिकटलं. पण बागेतली खरी गंमत ताण देण्यात आहे. आंबिया बहार धरायचा तर थंडीत महिना-सव्वा महिना झाडाचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, काही गळतात, नव्या माणसानं पाहिलं तर म्हणेल, मालकानं बाग सोडून दिली. मग पाणी मिळताच झाड फुलानं लदबदून जाते. मृग बहाराला हाच ताण मेमध्ये. तो थोडा कमी पडला तर फूल नाही, जास्त झाला तर झाड जाते. किती दिवस, हे बागवानाला पुस्तकापेक्षा पानाकडे पाहूनच कळते.

मेळघाटाबद्दल विचारतात ते वाघाचंच. मला तिथली दोन वेगळीच पाखरं आवडतात, एक खरं आणि एक बोलीचं. धारणीच्या बाजारात कानावर पडणारी कोरकू मराठीची नातलग नाही, हिंदीचीही नाही. ती मुंडा कुळातली, संथाळीची बहीण; आणि त्याच मोठ्या कुटुंबात पार कंबोडियाची ख्मेर आणि व्हिएतनामी भाषा बसतात. दुसरा रानपिंगळा. हे घुबड 1884 नंतर कोणाला दिसलं नाही. मध्येच रिचर्ड माइनर्ट्‌झहागन नावाच्या इंग्रज कर्नलनं 1914 साली आपण ते मारल्याची नोंद दिली होती. पुढं उघड झालं की साहेबानं संग्रहालयातलाच जुना पेंढा भरलेला पक्षी ढापून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. शेवटी 1997 मध्ये, म्हणजे 113 वर्षांनी, शहाद्याजवळ खरा पिंगळा झाडावर बसलेला सापडला. आज मेळघाट हा त्याचा मोठा आसरा आहे. तो दिवसाढवळ्या फिरतो, हे आणखी विशेष. एवढी वर्षं लपला कसा, हे त्यालाच ठाऊक.

अमरावतीची कबड्डी ऑलिंपिकला गेली होती का? स्पर्धा म्हणून नाही, पण 1936 साली बर्लिनला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यात तीही होती. आणि 2025 च्या 'केसरी चॅप्टर 2' मध्ये अक्षय कुमारनं रंगवलेले सी. शंकरन नायर? ते अमरावतीला येऊन गेले आहेत, 1897 च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून. शेगावची कचोरी? फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबाची. वऱ्हाडाची ओळख म्हणून आपण जी पाहुण्यांना बांधून देतो, तिचं मूळ पंजाबी. सोबतची तळलेली हिरवी मिरची तेवढी पक्की इथली, असं मी समजतो.

राहता राहिला सवालांचा राजा: "औंदा पाऊस कसा?" यासाठी बुलडाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेर वावरात गोल घट आखतात आणि कडेनं धान्यांच्या ढिगल्या मांडतात: गहू, ज्वारी, तूर, मूग, कापूस, हरभरा, अशा अठरा. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, पावसाचे चार महिने म्हणून. त्यांवर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पापड, भजे, वडे, सांडई, कुरडई, करंजी. बाजूला राजा म्हणून पानसुपारी. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे वाघ घराण्यातले लोक येतात, कोणतं ढेकूळ भिजलं, कोणतं धान्य विखुरलं, पान हललं का जागीच आहे, ते पाहतात आणि भाकीत सांगतात. मुंग्या, किडे, वारा आणि योगायोग एवढ्यांचं हे काम, असं अंधश्रद्धा निर्मूलनवाले सांगतात आणि माझीही मान तिकडेच डोलते. तरी दुसऱ्या दिवशीचा पेपर मी आधी तेच पान काढून वाचतो.

भेंडवळला पहाटे जमलेले शेतकरीही सगळं ऐकून घेतात. पहिल्या महिन्यात कमी, दुसऱ्यात साधारण, तिसऱ्यात भरपूर. मान हलवतात, पागोटं झटकतात, मोटारसायकलला किक मारतात. आणि मागं बसलेला पुढच्याच्या कानाशी लागून विचारतो, "थे सारं झालं बाप्पा, पण तुले काय वाटते?"