यकृत

मानवी शरीरातील सर्वांत मोठी ग्रंथी. पचन, चयापचय, उत्सर्जन, रक्तक्लथन (रक्त साखळणे) व संरक्षण अशा परस्परांहून भिन्न वाटणाऱ्या अनेक कार्यांचे हे केंद्र आहे. या विविधतेचा उलगडा यकृताच्या रक्ताभिसरणातील स्थानावरून होतो. आतड्यातून रक्तात शोषिलेल्या प्रत्येक पदार्थास शरीरभर पसरण्यापूर्वी प्रथम यकृतातून जावे लागते. बहुतेक वसा मात्र लसीका वाहिन्यांतून वेगळ्या मार्गाने जातात.

शारीर : प्रौढ व्यक्तीत यकृताचे वजन सु. १.४ ते १.६ किग्रॅ., म्हणजे शरीराच्या वजनाच्या सु. १/५० असते. नवजात अर्भकात हे प्रमाण सु. १/२० असून अर्भकाचे पोट मोठे दिसण्याचे ते एक कारण आहे. यकृत तांबूस तपकिरी, मऊ व ठिसूळ असते. त्यामुळे अपघातात ते फाटल्यास मोठा रक्तस्राव होतो. त्याचा आकार पाचरीसारखा असून जाड बाजू उदरगुहेच्या उजव्या वरच्या भागात व निमुळते टोक डावीकडे जठराच्या पुढे असते. वरचा बहिर्गोल पृष्ठभाग मध्यपटलाला लागून असल्यामुळे श्वसनाबरोबर यकृत खालीवर सरकते. निरोगी प्रौढात ते बहुतांशी बरगड्यांच्या आड असते. रुग्णास दीर्घ श्वास घ्यावयास सांगून उजव्या बरगड्यांच्या कडेखाली चाचपल्यास ते वाढले आहे किंवा नाही हे समजते.

बाहेरून पाहता यकृताचे मोठा उजवा व लहान डावा असे दोन खंड दिसतात. खालच्या व मागच्या बाजूंस चतुरस्र खंड व पुच्छ खंड हे आणखी दोन लहान भाग असतात. क्लोद क्विनो या फ्रेंच शस्त्रक्रियातज्ञांनी १९५७ मध्ये रक्तवाहिन्यांच्या शाखांनुसार यकृताचे आठ विभाग केले. प्रत्येक विभागाचा रक्तपुरवठा व पित्तनिचरा स्वतंत्र असल्याने रोगट विभाग तेवढाच काढून टाकणे शक्य होते.

रक्तपुरवठा व सूक्ष्मरचना : यकृताला दोन वाहिन्यांकडून मिळून दर मिनिटास सु. १.५ लि. रक्त मिळते. त्यातील सु. तीन-चतुर्थांश रक्त प्रवेशिनी नीला आणते. हे रक्त जठर, आतडी, अग्निपिंड व प्लीहा यांमधून आलेले, अन्नघटकांनी समृद्ध परंतु ऑक्सिजन कमी असलेले असते. उरलेले ऑक्सिजनयुक्त रक्त यकृत रोहिणीतून येते.

यकृत हे सु. १ मिमी. व्यासाच्या असंख्य षट्‌कोनी खंडिकांचे बनलेले असते. खंडिकेच्या कडेला दोन्ही वाहिन्यांच्या सूक्ष्म शाखा व पित्तनलिका, तर मध्यभागी मध्यनीला असते. कडेकडून मध्याकडे रक्त कोटरिका नावाच्या पातळ भित्तीच्या वाहिन्यांतून संथपणे वाहते. कोटरिकांच्या दोन्ही बाजूंस यकृत कोशिकांच्या (पेशींच्या) ओळी असतात व त्या रक्तातून द्रव्ये घेतात आणि त्यात सोडतात. कोटरिकांतील कुप्फर कोशिका आतड्यातून आलेल्या जंतूंचे व जीर्ण तांबड्या कोशिकांचे भक्षण करतात. पित्त मात्र रक्ताच्या उलट दिशेने, मध्याकडून कडेकडे वाहते. त्यामुळे ही दोन द्रव्ये एकमेकांत मिसळत नाहीत.

कार्ये : (१) साखरेचे नियमन : जेवणानंतर रक्तात वाढलेले ग्लुकोज यकृत ग्लायकोजेनच्या रूपात साठविते व उपाशी अवस्थेत ते पुन्हा रक्तात सोडते. साखरविरहित आहार घेणाऱ्या प्राण्याच्या यकृतातूनही साखर बाहेर पडते, हे फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक क्लोद बेर्नार यांनी दाखविले व १८५७ मध्ये ग्लायकोजेन वेगळे केले. हा साठा संपू लागल्यावर यकृत ॲमिनो अम्ले, ग्लिसरॉल इत्यादींपासून ग्लुकोज तयार करते. मेंदूला ग्लुकोज अखंड लागत असल्यामुळे हे कार्य जीवनावश्यक आहे.

(२) प्रथिननिर्मिती : रक्तद्रवातील आल्ब्युमिन तसेच फायब्रिनोजेन, प्रोथ्रोंबिन इ. क्लथनास लागणारी बहुतेक प्रथिने यकृतात तयार होतात. (३) निर्विषीकरण : प्रथिनांच्या विघटनातून निर्माण होणाऱ्या विषारी अमोनियाचे यकृत यूरियात रूपांतर करते व वृक्के (मूत्रपिंडे) तो बाहेर टाकतात. हे रासायनिक चक्र हान्स क्रेब्ज व कुर्ट हेन्झेलाइट यांनी १९३२ मध्ये शोधले. मद्य व बहुतेक औषधे यांवरील प्रक्रियाही येथेच होते. (४) पित्तस्राव : यकृत दररोज सु. ६०० ते १,००० मिलि. पित्त तयार करते. त्यातील पित्त लवणांमुळे वसांचे पचन व शोषण सुलभ होते. मृत तांबड्या कोशिकांपासून झालेले बिलिरुबीन हे पिवळे रंगद्रव्य पित्तावाटे बाहेर पडते; ते रक्तात साठल्यास कावीळ दिसते. (५) साठवण : लोह व अ, ड आणि ब१२ ही जीवनसत्त्वे यकृतात साठविली जातात.

पुनर्जनन : यकृताची राखीव क्षमता मोठी आहे. उंदराच्या यकृताचा सु. दोन-तृतीयांश भाग काढल्यावर उरलेले खंड वाढून मूळचे वजन जवळजवळ भरून निघते, हे १९३१ मध्ये हिगिन्झ व अँडरसन यांनी दाखविले. मानवी यकृतातही हा गुण आहे. त्यामुळेच जिवंत दात्याच्या यकृताचा काही भाग काढून रुग्णात रोपण करता येतो व दोघांतही तो वाढतो. मानवातील पहिले यकृतरोपण टॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये केले. तथापि वर्षभर जगलेला रुग्ण प्रथम १९६७ मधील शस्त्रक्रियेनंतर आढळला.

विकार : राखीव क्षमतेची दुसरी बाजू अशी की, यकृताचा मोठा भाग निकामी होईपर्यंत रुग्णास अनेकदा काहीच जाणवत नाही. दीर्घकाळ इजा होत राहिल्यास कोशिकांच्या जागी तंत्वात्मक ऊतक (समान कार्य करणाऱ्या कोशिकांचा समूह) तयार होते. या सूत्रण रोगात प्रवेशिनी नीलेतील रक्ताला अडथळा होऊन जलोदर होतो, अन्ननलिकेतील नीला फुगतात व त्या फुटल्यास प्राणघातक रक्तस्राव होतो. मद्यपान, ब व क प्रकारचा विषाणुजन्य यकृतशोथ आणि स्थूलता व मधुमेह यांच्याशी निगडित वसामय यकृत ही याची प्रमुख कारणे होत. बुरशी आलेल्या धान्यातील अफ्लाटॉक्सिनही घातक असते. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थान सीमेवरील पंचमहाल व बांसवाडा जिल्ह्यांत असा मका खाल्ल्याने शंभराहून अधिक लोक दगावले.

अ व ई प्रकारचा यकृतशोथ दूषित पाण्यातून व अन्नातून पसरतो. १९५५-५६ मध्ये दिल्लीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याने काविळीची प्रचंड साथ आली. तेव्हा जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांची तपासणी होऊन ती अ प्रकारची नव्हती असे १९८० मध्ये सिद्ध झाले. या कार्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचा सहभाग होता. या विषाणूस पुढे ई हे नाव मिळाले. ब प्रकाराविरुद्ध परिणामकारक लस असून भारतात ती बालकांच्या नियमित लसीकरणात समाविष्ट आहे. क प्रकारावर लस नाही. मात्र तोंडाने घ्यावयाच्या विषाणुरोधक औषधांनी बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. लक्षणे उशिरा दिसत असल्यामुळे कावीळ होण्याची वाट न पाहता संभाव्य रुग्णांनी वेळीच रक्ततपासणी करून घेणे इष्ट ठरते.