एका सेकंदाच्या पोटात काय घडते?

चौलच्या वाडीत पाणी लावणाऱ्या माणसाला हे सांगावे लागत नाही. पंप चालू असताना कोणी झडप झटकन बंद केली की पाइप धाडकन वाजतो. त्या क्षणी पाइपातला दाब एकदम चढतो आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उतरतो. दाबमापकाचा काटा पाहायला जावे, तर तो जागच्या जागी उभा. पाइप मात्र तडकलेला असतो, आणि मग घरात वाद सुरू होतो की झडप कोणी फिरवली?

हाच वाद कारखान्यात होतो तेव्हा कोणाची तरी नोकरी पणाला लागलेली असते. रेवदंड्याचा पूल ओलांडला की साळावचा स्पंज आयर्नचा कारखाना आहे, उत्तरेला अलिबागपलीकडे थळचा खत कारखाना आहे. आयटीआय झालेली आपली मुले अशाच ठिकाणी ऑपरेटर, फिटर, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून लागतात. घरी आई विचारते, काम काय करतोस? मुलगा म्हणतो, पडद्यावर आलेख बघतो. हा आलेख म्हणजे काय आणि त्यावर विश्वास किती ठेवावा, हे मुलाइतकेच घरच्यांनाही कळावे असे आम्हाला वाटते.

आजच्या बहुतेक कारखान्यांत यंत्रांवर ताबा ठेवणारी एक पेटी असते. तिला पीएलसी म्हणतात. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मोटारींच्या कारखान्यासाठी ती प्रथम तयार झाली, कारण तोवर शेकडो रिले आणि तारांच्या जंजाळाने हे काम चाले आणि मोटारीचे मॉडेल बदलले की सारी जोडणी उकलावी लागे. पेटीचे काम सोपे आहे. सेन्सरकडून दाब, तापमान, वेग यांची खबर घ्यायची, ठरलेल्या नियमांनी विचार करायचा, झडपांना आणि मोटारींना हुकूम सोडायचा. एवढी फेरी ती साधारण दहा-वीस मिलिसेकंदांत संपवते. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.

आता गोम अशी, की पेटी सेकंदात पन्नास वेळा पाहते, पण कंट्रोल रूममधला संगणक तिला अनेकदा सेकंदातून एकदाच विचारतो, "दाब किती?" मधल्या एकोणपन्नास वेळा तिने जे पाहिले ते कुठेच लिहिले जात नाही. धाडकन वाजलेला पाइप नेमका त्यातच हरवतो. आलेखावर रेघ सरळ दिसते, आणि साहेब म्हणतात, दाब तर ठीक होता!

नुसते हरवते एवढ्यावर थांबत नाही, खोटेही दिसते. सिनेमात धावत्या गाडीची चाके उलटी फिरताना सर्वांनी पाहिली आहेत. चाक सुलटेच फिरत असते. पण कॅमेरा सेकंदाला चोवीसच चित्रे घेतो आणि दोन चित्रांच्या मध्ये आरे जवळजवळ एक घर पुढे सरकलेले असतात, म्हणून डोळा फसतो. वेगाने थरथरणारा सेन्सर सावकाश टिपला तर कागदावर असाच एक शांत, संथ, साफ खोटा आलेख उमटतो. कोणत्याही हेलकाव्याच्या दुपटीहून अधिक वेगाने नोंद घ्यावी, हा शास्त्राचा नियम. जाणते कारागीर दहापट धरतात.

यावर उपाय आहे, आणि फार महागही नाही. विहिरीवरून तांब्याने एकेक खेप घरी आणण्याऐवजी बाई हंडा भरते आणि एकदम उचलते. तसेच पेटीने प्रत्येक फेरीचे माप आपल्याच स्मरणात साठवायचे, प्रत्येक मापाला आपल्याच घड्याळाची वेळ लावायची आणि मग सारा गठ्ठा संगणकाकडे पाठवायचा. वेळ पेटीने लावणे महत्त्वाचे. संगणकाने लावली तर वाटेतल्या उशिराने क्रम उलटापालटा होतो. सतत एवढे लिहिणे परवडत नसेल, तर काही बिघडताच आधीचे आणि नंतरचे काही सेकंद तेवढे जपून ठेवावेत.

ही हिकमत नवी नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद डोळ्यांनी पाहून, हाताने लिहून ठेवत. नेहमी तासाला एक नोंद, पण सुई अस्वस्थ झाली की ते अंतर कमी करून मिनिटांवर आणत. 2 सप्टेंबर 1859 रोजी सूर्यावरून आलेले प्रचंड वादळ पृथ्वीवर आदळले. जगात अनेक ठिकाणच्या नोंदी तुटल्या, कुलाब्याची टिकली, आणि 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी त्या वादळाचा जोर मोजला तो याच आकड्यांवरून. पुढे मुंबईत विजेची ट्राम येणार, तिच्या प्रवाहाने सुई बिघडणार, म्हणून ही मोजणी 1904 मध्ये चौलहून एसटीने तासाभराच्या आतबाहेर असलेल्या अलिबागला हलवली. चुंबकावर बसवलेल्या आरशाने फिरत्या फोटोच्या कागदावर रेघ काढावी, अशी तिथली जुनी रीत. मुलांना सुट्टीत ही वेधशाळा बाहेरून तरी दाखवावी.

पण नोंदीचे मोल आपल्या लोकांना शिकवले ते भोपाळने. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री 10 वाजून 20 मिनिटांनी विषारी रसायनाच्या टाकीचा दाब 2 पौंड होता. पावणेअकराला पाळी बदलली. 11 वाजता नव्या ऑपरेटरने 10 पौंड वाचले आणि त्यात त्याला वावगे वाटले नाही, कारण 2 ते 25 हे नेहमीचेच होते. मधल्या चाळीस मिनिटांत दाब कसा चढत गेला हे त्या दोन आकड्यांतून कळत नाही. चढती रेघ समोर असती तर तेच 10 पौंड त्याला वेगळे दिसले असते. पुढे कंपनीने दावा केला की कोणा नाराज कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडले. हजारो माणसे मेली, आणि बोट कामगाराकडे!

पीएलसीच्या जमान्यातही असेच घडू शकते. समजा, पंप बंद पडला. पडद्यावर तीन इशारे आले: झडप बंद, दाब कमी, मोटार बंद. तिन्हींची वेळ एकच, 2 वाजून 14 मिनिटे 7 सेकंद. म्हटले तर ऑपरेटरने चुकून मोटार थांबवली. पण पेटीने मिलिसेकंद लिहिले असतील, आणि झडप 120 वर, दाब 480 वर, मोटार 910 वर असेल, तर झडप आधी मिटली, तिच्यामुळे दाब पडला, आणि संरक्षणाने मोटार थांबवली हे लख्ख दिसते. ऑपरेटरचा हात मोटारीच्या बटणाला लागलेलाच नाही. आमच्या मते चौकशीत प्रत्येक कामगाराने पहिला प्रश्न हाच करावा की नोंद किती मिलिसेकंदांची आहे?

आलेख छापून दिला तरी लगेच मान डोलवू नये. मिलिसेकंदाला एक माप धरले तर तासाची 36 लाख मापे होतात, आणि पडद्याच्या रुंदीवर हजार-दोन हजार ठिपकेच मावतात. संगणक मग हजारो मापांची सरासरी काढून एक ठिपका ठेवतो, आणि उंच सुळका सपाट होतो. प्रत्येक ठिपक्याच्या जागी सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त अशी दोन्ही मापे जोडणारी उभी रेघ काढायला सांगावी, म्हणजे सुळका दिसतो. किंवा त्या दहा सेकंदांचाच मोठा आलेख मागावा.

भोपाळनंतर 1987 मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि सुरक्षेची माहिती मालकाकडून मागण्याचा हक्क कामगाराला मिळाला. तो जुना कायदा आता 2020 च्या सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. माहिती मागण्याची तरतूद तिच्यातही आहे. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, आणि लवकर द्यावा, कारण पेटीची जागा भरली की जुने पुसून नवे लिहिले जाते.

तोवर एक वही खिशात असू द्यावी. पाळीवर चढताना कंट्रोल रूमचे घड्याळ आणि पेटीचे घड्याळ यांत किती सेकंदांचा फरक आहे तो तारखेसह लिहावा, आणि काही वेगळे ऐकू आले, धाडकन वाजले, वास आला, तर त्याची वेळही.