लाखोळीतील अमिनो आम्ल, मज्जासंस्था व स्मृती : प्राणिप्रयोगांचे एक विवेचन

पूर्व विदर्भात धान कापणीस येण्यापूर्वीच बांधीतील ओलीवर लाखोळी फेकून पेरली जाते. मशागत नाही, ओलीत नाही. साहजिकच ती गरिबाची डाळ ठरली. तिच्या अतिसेवनाने पाय कायमचे ताठरणारा ‘लॅथिरिझम’ हा विकार जडतो, म्हणून 1961 मध्ये केंद्रीय नियमान्वये तिच्या विक्रीस मनाई झाली. विशेष म्हणजे, नेमके विषद्रव्य कोणते हे तेव्हा ज्ञात नव्हते. 1964 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा व सर्मा यांनी या बियांतून ‘ओडॅप’ हे अमिनो आम्ल वेगळे केले.

प्रथिनांच्या घडणीत भाग न घेणारे हे आम्ल एक दिवसाच्या कोंबडीच्या पिलास टोचल्यास त्याची मान मागे ताणली जाते व झटके येतात. प्रौढ पांढऱ्या उंदरावर मात्र सहसा परिणाम दिसत नाही. परंतु त्याच्या रक्तातील आम्लता कृत्रिमरीत्या वाढविली की तोही बळी पडतो. रक्त व मेंदू यांमधील अडसर पिलात अपरिपक्व असतो, हे यामागील एक कारण मानले जाते.

ओडॅपची रचना ग्लुटामेटशी मिळतीजुळती आहे. मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात नव्या स्मृती घडतात त्या ग्लुटामेटच्याच ग्राहींद्वारे. या ग्राहींचे अतिउद्दीपन झाले की चेतापेशी मरते. 1987 मध्ये कॅनडात शिंपल्यांतील डोमोइक आम्ल या अशाच ग्लुटामेटसदृश द्रव्याने अनेकांना विषबाधा झाली व काहींची नवी स्मृती साठविण्याची क्षमता गेली; उंदरांतही त्याने हिप्पोकॅम्पसला इजा होते. लॅथिरिझमच्या रुग्णाची बुद्धी व स्मृती मात्र सामान्यतः शाबूत राहते, जातात ते पाय. तेव्हा ग्राहींच्या साधर्म्यावरून स्मृतिनाशाचा निष्कर्ष काढणे घाईचे होय.

प्रस्तुत लेखकाच्या मते खरी अडचण प्रयोगाच्या मांडणीत आहे. प्रयोगशाळेतील उंदरास संतुलित खाद्य मिळते आणि द्रव्य बहुधा टोचून दिले जाते. दुष्काळातील मजूर मात्र दोन-तीन महिने जवळजवळ केवळ लाखोळीवरच जगत असे. तिच्या प्रथिनांत मेथिओनिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. भाताच्या जोडीने ती उणीव बरीच भरून निघते. शिवाय ओडॅप पाण्यात विरघळते. भरपूर पाण्यात डाळ उकळून ते पाणी टाकून दिल्यास त्याचे प्रमाण बरेच घटते. रतन, प्रतीक व महातेवडा या सुधारित वाणांत तर ते मुळातच 0.1 टक्क्याहून कमी असते.