अडकित्त्यात सुपारी कुठे ठेवायची?

शाळेच्या सहलीत पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. त्यातलं काय आठवतं? मला आठवते ती फक्त लाईन! "हात लावू नका, पुढे सरका, पाट्यांवरची नावं उतरवून घ्या." बारामतीहून शंभरेक किलोमीटर गाणी म्हणत गेलो आणि पाऊण तासात बाहेर. वही भरली, डोकं रिकामंच राहिलं.

गेल्या वर्षी तिथेच मावशीच्या सातवीच्या वर्गाबरोबर गेले. ती इंदापूर तालुक्यात झेडपीच्या शाळेत शिकवते. आदल्या दिवशी तिने मुलांना सगळं सांगून टाकलं होतं: गाडी कुठे थांबणार, डबा कधी खायचा, आत काय काय दिसणार. मला हसू आलं. पण त्यामागे शास्त्र आहे. फॉक आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली अमेरिकेत दाखवलं की जागा अगदीच अनोळखी असली, की मुलांचं लक्ष त्या नवलाईतच अडकतं आणि शिकणं मागे पडतं.

आत गेल्यावर मावशी अडकित्त्यांपाशी थांबली. एकच प्रश्न विचारला, "सुपारी सांध्याजवळ ठेवाल की टोकाकडे?" मुलांत जुंपली! मग उलगडलं: ही तर तरफ. टेकू सांध्यात, सुपारी मध्ये, जोर मुठीत. सुपारी सांध्यापासून ३ सेंमीवर आणि मूठ १५ सेंमीवर असेल, तर जोर पाचपट. आपण हे मेकॅनिक्समध्ये घोकलं, त्या पोरांनी भांडून मिळवलं. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने घरातली एक जुनी वस्तू आणून तिची पाटी स्वतः लिहिली.

ऑस्ट्रेलियात ग्रिफिन आणि सिमिंग्टन यांनाही १९९७ साली हेच दिसलं होतं. बहुतेक शिक्षक कागद भरून घेण्यात गुंतलेले, वर्गातल्या धड्याशी भेटीची सांगड क्वचितच.

केळकरांनी हा संग्रह राज्य शासनाला दिला. संग्रहालयाला नाव आहे ते लहानपणीच गेलेल्या त्यांच्या मुलाचं, राजाचं. अशा घरात मुलांना नुसतं गप्प करून पुढे ढकलायचं?

आणि आपली इंडस्ट्रियल व्हिजिट तरी काय वेगळी असते हो? लाईन, सही, रिपोर्टची कॉपी. सर, मॅडम, पुढच्या व्हिजिटच्या आदल्या दिवशी आम्हाला फक्त एक प्रश्न देऊन बघा. आम्हीही भांडू!